एकेचाळिसावा डबा

"दर वेळी मीच का पहिला हात घालायचा? आत विंचू असला म्हणजे?"

हे जुई मला म्हणाली नाही. ती स्वतःच्या कॉलरला म्हणाली. पण मी तिच्या हनुवटीखालचा पट्टा आवळत होते, माझा कान तिच्या तोंडापासून चार बोटांवर होता, आणि नऊ वर्षांच्या पोरीची कुरकुर चार बोटांवरून आली की ऐकलीच नाही असं म्हणायची सोय राहत नाही. तरी मी ऐकली नाही. टोपीच्या आतल्या धातूच्या टिकल्या केसांतून कातडीला नीट टेकल्यात का ते बोटानं चाचपलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"जा. विंचू एवढ्या सकाळी उठत नाहीत."

"आत्या, विंचवांचं तुला काय माहीत?"

"मलाही उठवत नाही, म्हणून माहीत."

पूर्वी एवढ्यावर ती खिदळली असती. आता तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि करवंदीच्या जाळीकडं चालायला लागली. महादरे तळ्याच्या वरच्या अंगाला, जुई कधी गेली नव्हती अशा ठिकाणी, दोन दगडांच्या फटीत, काल संध्याकाळी मीच तो डबा ठेवून गेले होते. वीस पावलांवर माझा धाकटा भाऊ हृषी मांडीवर टॅबलेट घेऊन खडकावर बसला होता. पडद्यावरच्या रेघांकडं तो असा बघत होता, की रेघा वर चढायच्या असतील तर त्याच्याच धाकानं चढतील.

जुईनं फटीत हात घातला. कंपासचा जुना डबा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तिनं पिशवी सोडली, झाकण उघडलं, आतली चिमुकली वही आणि तिच्याखालची काचेची बाहुली पाहिली. बाहुली मी मुद्दाम पुण्याहून मागवली होती.

"सापडला," ती म्हणाली. 'दूधवाला आला' म्हणावं तसं.

"हास की गं जरा!" हृषी खडकावरून ओरडला.

"हसून उपयोग नाही, बाबा. टोपी हसणं मोजत नाही."

"किती आलं?" मी विचारलं.

हृषीनं टॅबलेट छातीशी धरला. मग म्हणाला, "बावीस."

दर डब्याला निदान साठ यावे लागतात. पहिल्या डब्याला एक्क्याण्णव आले होते. हा चाळिसावा.

*

डब्यांचं हे खूळ आमच्या घरात आणलं केतकीनं. हृषीची बायको. भूमी अभिलेख कार्यालयात ती मोजणीला होती. आठवडाभर लोकांच्या बांधाची भांडणं फूटपट्टीनं सोडवायची, आणि रविवार उजाडला की तीच विद्या खेळात वापरायची. जगभर लोक असे डबे लपवतात. डोंगरात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत. लपवला की त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे. बाकीच्यांनी फोन घेऊन शोधत यायचं. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आतली एखादी वस्तू घ्यायची, तिच्या तोडीची आपली ठेवायची, आणि डबा होता तिथंच परत लपवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्यायचं नाही. बक्षीस नाही, नंबर नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "मग मिळतं काय?" केतकी म्हणाली, "डबा मिळतो की, नंदाताई!" आणि इतकी हसली, की मलाच माझा प्रश्न येडपट वाटला.

वहीत आमच्या टोळीचं नाव 'चार चपला आणि एक बूट'. चपला त्या चौघांच्या. बूट माझा, टाच दुखते, डॉक्टरांनी चपला बंद केल्यात. जुई तीन वर्षांची असल्यापासून डबे शोधते आहे. तिचा धाकटा भाऊ यदु तर केतकीच्या पाठीवरच्या झोळीत बसून वरून हुकूम सोडायचा. पोरांनी फोनकडं बघत चालायला सुरुवात केली, की केतकी फोन काढून घ्यायची. "हा आपल्याला दहा पावलांपर्यंत आणून सोडतो," म्हणायची, "तिथून पुढं डोळे."

दोन वर्षांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला. एकवीस दिवस ती पुण्यात होती. जगली. बोलणं शाबूत, वाचणं शाबूत, पोळी पूर्वीसारखीच गोल. पण मागली वर्षं पाटी पुसावी तशी पुसून गेली, आणि जागा गेली. जागा गेली म्हणजे काय, हे मला तिला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. अंघोळ करून ती बाहेर आली आणि बोळात उभी राहिली. ओला टॉवेल हातात. तीन दारं समोर. मी शेजारून साखर घेऊन आले तोवर अर्धा तास झाला होता आणि तिच्या पायाशी पाण्याचं थारोळं झालं होतं. म्हणाली, "कुठलं उघडू?" तेही दुसऱ्याच्या घरात विचारतात तशा अजिजीनं.

हे वाक्य मी तेव्हा ऐकायला हवं होतं. त्या वेळी मी फक्त फरशी पुसली.

*

आता थोडं शास्त्र सांगते. मी बारावीपर्यंत शिकले. पुढचं सगळं ग्रंथालयातून आणि डॉक्टरांना ते कंटाळेपर्यंत विचारून.

आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, अशा पेशी आहेत, की आपण चालायला लागलो की ठरावीक अंतराअंतरावर त्या चमकतात. त्या कुठं कुठं चमकल्या ते कागदावर मांडलं तर ठिपक्यांची जाळी उमटते, मधाच्या पोळ्यासारखी. रांगोळीवाली आधी ठिपके टाकते आणि मग त्यांच्या आधारानं मोर काढते ना? मेंदू तसंच करतो. आधी ठिपके, मग त्यांवर घर, गल्ली, गाव. केतकीची रांगोळी पुसली गेली एवढंच असतं तर पुन्हा काढता आली असती. तिचा ठिपक्यांचा कागदच जळाला होता.

पुण्यातल्या संस्थेनं शोधून काढलं ते असं, की दुसऱ्याच्या कागदानं ठिपके टाकता येतात. दुसरा रक्ताचा असावा आणि लहान असावा, कारण लहानांचे ठिपके ठळक. आणि तो त्या जागी पहिल्यांदाच जात असावा. नवीन जागी काहीतरी अचानक गवसलं, मन उसळलं, की मेंदू एक रसायन सोडतो; रंग पक्का व्हायला तुरटी घालतात तसं. त्या क्षणी जागेचा ठसा सगळ्यात स्वच्छ मिळतो. फक्त तो क्षण दोन सेकंदांचा असतो. टोपी तो ताणते. विजेच्या बारीक थपक्या देऊन दोन सेकंदांचा आनंद दीड मिनिट धरून ठेवते आणि तेवढ्यात सगळं उतरवून घेते. मग तशीच दुसरी टोपी घालून केतकी चार दुपारी झोपते. झोपेत मेंदू दिवसभराच्या वाटा पुन्हा चालून बघतो. त्यात ही उसनी वाट मिसळून जाते. पाचव्या दिवशी ती तिची.

डॉक्टरांची अडचण एकच होती. मूल नव्या जागी नेलं की हमखास उसळेल, आणि तेही दर आठवड्याला, असं काय आणायचं? जत्रा करून झाल्या, खेळण्यांची दुकानं झाली. हृषी बसल्या जागी म्हणाला, "आमच्याकडं डबे आहेत."

असा आमचा खेळ औषध झाला. औषध कुणाला आवडतं?

*

तीन डब्यांनंतर केतकी महादरे तळ्यापासून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत एकटी चालत आली. एकटी म्हणजे हृषी आणि मी पन्नास पावलं मागं, भिंतीआडून, झाडाआडून. डबे शोधताना लोकांना दिसायचं नाही याची सवय कामाला आली. प्रत्येक कोपऱ्यावर हृषी माझा दंड इतका घट्ट धरायचा, की निळा डाग पंधरा दिवस राहिला. ती कुठं थबकली नाही. फाटकाची कडी वर उचलून मग आत ढकलावी लागते. तिनं ती तशीच उचलली. पोरं ओसरीत बसली होती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलात का?"

झालं! जुई तिच्या कमरेला बिलगली, यदु पायांना, हृषी पायरीवर बसून हुंदके देऊ लागला, आणि मी, बूट काढायचंही भान न राहता, थेट देवापर्यंत गेले. केतकीनं आम्हा सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. मग हसली.

त्या हसण्यावर आम्ही पुढं दीड वर्ष काढलं.

डॉक्टर सोहनींनी तेव्हाच सांगितलं होतं. बाई तरुण, पण शब्द तोलून बोलणाऱ्या. "जागा परत येतील. माणसं ओळखण्याचा भाग निराळा आहे, आणि तो जास्त जळालाय. जागांच्या आधारानं माणसंही परत येतील, अशी आम्हाला आशा आहे. आशा." शेवटचा शब्द त्या दोनदा म्हणाल्या. हृषीनं तो एकदाही ऐकला नाही. आणि मी ऐकला, पण हृषीनं ऐकला नाही हे बघून मीही सोडून दिला.

सोडून देण्यासारखं पुढं बरंच साठलं. केतकी हृषीला 'अहो' म्हणायला लागली. तिच्या तोंडी जन्मभर 'हृष्या' होतं. सासूबाई होत्या, म्हणजे माझी आई, तेव्हाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, आजारपणानं वळण लागलं." आम्ही हसलो. पोरांना ती 'बाळा' म्हणायची. पोरं नसताना त्यांच्याबद्दल कधी विचारायची नाही. सकाळी मी हाका मारत सुटायचे, "जुई, डबा घे! यदु, चड्डी!" आणि केतकी ओट्याशी मान खाली घालून उभी असायची, तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, स्तोत्र म्हणतेय.

घरी मात्र बिनचूक यायची. कुठूनही सोडा. पोवई नाक्यावरून, यवतेश्वराच्या पायथ्यावरून. हृषी तिला स्कूटरवरून सोडून यायचा आणि दुसऱ्या रस्त्यानं आधी घरी येऊन घड्याळ लावून बसायचा. कडी वाजली की माझ्याकडं वळून म्हणायचा, "आली! ताई, आली बघ!"

*

आणि जुई विझत गेली.

एकदम नाही. तिसाव्या डब्याच्या आसपास वाढदिवस आला. वेष्टनाचा कागद तिनं फाडला नाही. सोडवला, चार घड्या घातल्या, बाजूला ठेवला, मग आतली दुर्बीण पाहिली आणि 'थँक्यू' म्हणाली. शाळेची सहल कासला गेली. फुलांचा हंगाम ऐन भरात. बाईंनी मला फोन केला: "घरी काही झालंय का? सगळी पोरं पठारावर वेडी झाली होती. ही बसमध्ये बसून होती. विचारलं तर म्हणाली, मला इथून दिसतंय."

मग एका दुपारी मी धुणं घेऊन खोलीत गेले, तर ती आरशासमोर उभी. दात दाखवत होती. गाल बोटांनी वर ढकलून धरत होती.

"आत्या, हे खरं वाटतं का?"

"काय गं?"

"हसू. म्हणजे बाबाला बरं वाटेल. टोपीला कळतं, पण बाबाला नाही कळणार."

मी धुणं पलंगावर टाकलं आणि घड्या घालत बसले. एकच पंचा तीनदा घडी केला. पाठ तिच्याकडं होती, म्हणून बरं.

चाळिसाव्या डब्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर सोहनींचा फोन आला. हृषीनं आवाज मोकळा सोडला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

"जुईचं आता थांबवायचं," त्या म्हणाल्या. "तो क्षण आपण इतक्यांदा ताणलाय, की मेंदूनं तो धरायचं सोडून दिलंय. परकराचं इलॅस्टिक नाही का, ओढून ओढून सैल पडतं?"

"पुन्हा येईल?" मी विचारलं.

"बहुतेक. मोठी होता होता. आमच्याकडं दोन वर्षांपलीकडची माहिती नाही, नंदाताई. खोटं कशाला बोलू?"

"आणि केतकीचं?" हृषी म्हणाला. "अजून वीस लागतील म्हणाला होतात. माणसांपर्यंत पोचायला."

"लागतील, असा अंदाज होता."

"यदु पाच वर्षांचा झालाय."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "नियमात बसतं. मी आग्रह करणार नाही आणि अडवणारही नाही. मात्र आई सही करू शकत नाही, म्हणून घरातल्या दोन मोठ्यांची संमती लागेल."

घरात मोठी माणसं दोनच. एक तो, एक मी.

*

"सही कर, ताई."

"जुईकडं बघितलंस का रे तू?"

"बघतो. रोज बघतो."

"बघत नाहीस. तू तिच्या डोक्यावरच्या रेघा बघतोस."

तो ओट्याला टेकून उभा होता. मी भाकरी थापत होते. भाकरी थापताना भांडायला बरं पडतं, हात मोकळे राहत नाहीत. बाहेर ओसरीवर यदु टोपी घालून मिरवत होता. ती त्याच्या भुवयांवर उतरत होती. "आता माझी पाळी! आता मी पहिला हात घालणार!" आणि जुई त्याचा पट्टा मापाचा करून देत होती. काही न बोलता. कुठून सैल करायचा, कुठं टोचतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"वीस डबे," हृषी म्हणाला. "फक्त वीस. यदु हसरा आहे. त्याचं एवढ्यात नाही संपायचं."

"संपायचं? अरे, गॅसची टाकी आहे का ती?"

"मग काय करू?" त्याचा आवाज एकदम चिरकला, दहावीत असताना चिरकायचा तसा. "तू सांग काय करू. पोरांना आई हवीय. अर्ध्या रस्त्यापर्यंत आलीय ती, ताई. अर्ध्यावर सोडू? परवा जेवताना तिनं मला लोणचं वाढलं. मी मागितलं नव्हतं. तिला आठवलं असणार, मला पहिल्या घासाला लागतं ते."

तिनं त्या दिवशी सगळ्यांनाच लोणचं वाढलं होतं. मलाही. मी आयुष्यात लोणचं खाल्लेलं नाही.

"ती घरी येते ना?" तो म्हणाला. "रोज येते ना? उगीच येते का?"

तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच ताटात उतरवली, करपलेली बाजू खाली राहिली. या भावाला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. केतकी घरी आली त्या दिवशी पायरीवर बसून रडला, तेवढाच. त्याच्या हातातला दोर मी कापायचा, तर त्याच्याखाली धरायला माझ्याकडं काय होतं? काही नाही. सुईच्या टोकाएवढंही नाही.

"रविवारी बघू," मी म्हटलं. आमच्या घरात 'रविवारी बघू' म्हणजे हो.

*

खिंडीच्या अलीकडं जुन्या पाणीपुरवठ्याचा एक दगडी हौद आहे, कोरडा. यदुनं तो पाहिलेला नव्हता. डबा मी शनिवारी हौदाच्या मागच्या कोनाड्यात ठेवला. आत लाल आगगाडी. ठेवताना झाकण दोनदा उघडून पाहिलं, आणि गाडी नीट बसली का तेच बघतेय असं मी स्वतःला सांगितलं.

केतकीलाही हृषीनं बरोबर घेतलं. "लेकाचा पहिला डबा. आईनं बघायला नको?" ती पिवळा पंजाबी ड्रेस घालून आली, हौदाच्या काठावर पदर सावरल्यासारखी ओढणी सावरून बसली, पाहुणी बसते तशी. जुई तिच्या शेजारी. हृषीनं टॅबलेटवर संमतीचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्याचा अंगठा आधीच उमटलेला होता. खाली माझा चौकोन रिकामा.

यदु टोपी घालून जागच्या जागी उड्या मारत होता. "जाऊ? बाबा, जाऊ? आत्या, एक-दोन-तीन म्हण!"

"थांब. आत्याला अंगठा लावू दे."

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मला कुणीतरी अडवावं असं वाटत होतं, आणि अडवणारं सगळ्या डोंगरात कुणी नव्हतं. अंगठा उचलला.

"माझ्यासारखी टोपी याला कशाला?"

केतकी विचारत होती. जुईला.

"ती घालून डबा शोधायचा. मग तुला वाट कळते."

"मला?"

"हो. आतापर्यंतच्या सगळ्या माझ्या होत्या. तळ्याची, नाक्याची, शाळेकडची. चाळीस."

केतकीनं हे पूर्वी ऐकलं नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृषीनं सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यात गोष्ट दहादा सांगितली तरच टिकते, आणि ही गोष्ट तिला पुन्हा सांगायला आमच्यापैकी कुणी धजलं नव्हतं.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग काय होतं?"

जुईनं विचार केला. प्रामाणिक पोर आहे. "काहीच होत नाही," ती म्हणाली. "आता कशानंच काही होत नाही. पण चालतं."

केतकी तिच्याकडं बघत राहिली. मग उठली. हौदाच्या काठावरून उतरली, यदुपुढं उकिडवी बसली आणि त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडू लागली. बक्कल घट्ट होतं. तिनं ते दोन्ही हातांनी, नखं लावून सोडवलं.

"आई, काय करतेस! मला जायचंय!" यदु पाय आपटायला लागला.

"केतकी," हृषी म्हणाला, "राहू दे. अगं, तुझ्यासाठीच आहे ते. राहू दे म्हणतो ना."

तिनं टोपी काढली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. यदुचे घामानं चिकटलेले केस कपाळावरून मागं सारले. हात अगदी हलका होता. मग हृषीकडं वर पाहिलं.

"अहो, माझ्यासाठी नका करू हे. लहान आहेत हो ही."

"तू आई आहेस त्यांची!"

"तसं तुम्ही म्हणता."

वारा खिंडीतून येत होता. टॅबलेटचा पडदा विझला. मी तो पुन्हा चालू केला नाही.

"केतकी, घरी जाऊन बोलू आपण," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पोरांसमोर नको."

"नाही, ताई. घरी गेलं की मला बोलवत नाही. त्या दिवशी मी दारात आले, तुम्ही सगळे रडायला लागलात, आणि मला वाटलं, उद्या सांगू. मग रोज वाटलं." तिनं मांडीवरच्या टोपीचा पट्टा दुमडला. "नावं मी पाठ केलीत. तुम्ही सकाळी हाका मारता ना, तेव्हा. ही जुई, हा यदु, तुम्ही नंदाताई, हे हृषीकेश. चुकू नयेत म्हणून मी फारशी घेत नाही."

हृषी पुढं आला. गुडघ्यावर बसला, तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा धरला. "पण तू घरी येतेस ना? कुठूनही येतेस. आमच्याकडंच येतेस ना तू?"

"वाट तिथं येते म्हणून येते," केतकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंना निकाल सांगायची तेव्हा असायचा, तसा. "कडी मला कळते. दार कळतं. आत तुम्ही असता. फार चांगले आहात हो तुम्ही सगळे. पण मी तुम्हाला ओळखत नाही. कुणालाच नाही. एक दिवससुद्धा ओळखलं नाही."